तुमचे प्रश्न : बिबट्या की मांजर?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की सध्या मुलांना डिटेक्शन अँड एस्टिमेशन थिअरी शिकवतेय, कुणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि झालं असं की या महिन्यात दुसऱ्या कशाचे प्रश्न जवळजवळ आलेच नाहीत. 'बारावीनंतर काय'वाल्या पालकांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, यावेळची सगळी जागा या एका विषयाने खाल्लीय. ज्यांना हे नावच नवीन आहे त्यांच्यासाठी एका ओळीत सांगते, गोंगाटात काही आहे की नाही हे ठरवणं म्हणजे डिटेक्शन, आणि आहे तर किती आहे ते सांगणं म्हणजे एस्टिमेशन.

प्रश्न : ताई, मी ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हा विषय इलेक्टिव्ह म्हणून घेतला कारण सीनियर म्हणाला स्कोअरिंग आहे, आता तो सीनियर फोन उचलत नाही. पहिल्या लेक्चरपासून लाइकलीहूड रेशो, एच-झीरो, एच-वन, इंटिग्रलवर इंटिग्रल. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) माझा कसाबसा सुटला होता. फॉर्म्युले पाठ केलेत पण गणित थोडं फिरवून दिलं की हात थांबतो. पाठ करून निघेल का हा विषय? खरं सांगा. — एक विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : नाही निघणार. पास होशील कदाचित, पण तू खरं विचारलंयस म्हणून सांगते, या विषयात फॉर्म्युला सगळ्यात शेवटी येतो आणि आपली मुलं सगळ्यात आधी तोच धरतात, मग गणित जरा फिरवलं की हात थांबणारच.

तू गंगापूर रोडला राहतोस ना, मग उदाहरण शोधायला लांब जायला नको. रात्रीचे साडेदहा वाजलेत, आई म्हणतेय कचऱ्याची बादली खाली ठेवून ये, आणि तेवढ्यात गल्लीतलं कुत्रं जीव तोडून भुंकायला लागतं. कॉलनीच्या ग्रुपवर परवाच कुणीतरी उसातल्या बिबट्याचा व्हिडिओ टाकलाय (कुठला, कधीचा, देव जाणे). आता तुझ्यापुढे दोनच शक्यता, एच-झीरो म्हणजे विशेष काही नाही, मांजर असेल, आणि एच-वन म्हणजे बिबट्या. तुला बिबट्या दिसत नाहीये, मांजरही दिसत नाहीये, तुला फक्त भुंकणं ऐकू येतंय आणि तेवढ्यावर ठरवायचंय. बास, अख्खा विषय हाच आहे, पुढे भुंकण्याच्या जागी व्होल्टेज येतं इतकंच.

आता यात चुका दोन प्रकारच्या. मांजर होतं आणि तू घाबरून घरात बसलास, ही फॉल्स अलार्म. बिबट्या होता आणि तू बादली घेऊन खाली गेलास, ही मिस. दोन्ही एकदम शून्य करता येत नाहीत, हातात जेवढी माहिती आहे तेवढ्यात एक कमी करायला गेलास की दुसरी वाढते, म्हणून कुठली चूक आपल्याला परवडते हे आधी ठरवावं लागतं. त्याला इंटिग्रल लागत नाही, ते तुझ्या आईलाही ठरवता येतं, किंबहुना तिचं ठरलेलंच असतं.

आकडे टाकून बघू, आकडे माझ्या मनातले आहेत, वनखात्याचे नाहीत. समजा हजार रात्रींत एका रात्री बिबट्या खरंच गल्लीत असतो. तो असेल तर कुत्रं भुंकण्याची शक्यता ९० टक्के, नसताना उगाच भुंकण्याची १० टक्के. म्हणजे लाइकलीहूड रेशो, बिबट्या असताना भुंकणं नसतानापेक्षा किती पट शक्य, ९० भागिले १०, नऊ. आता हजार रात्रींचा हिशोब मांड, शंभरएक रात्री कुत्रं भुंकणार आणि त्यातली फार तर एक रात्र बिबट्याची, म्हणजे भुंकणं ऐकल्यावरसुद्धा बिबट्या असण्याची शक्यता एक टक्क्याच्या आतच. मग जायचं का बादली घेऊन? कमीत कमी वेळा चुकायचं एवढंच ठरवलं असेल तर खुशाल जा, कारण थ्रेशोल्ड, म्हणजे रेशो ज्याच्या वर गेला तरच बिबट्या मानायचा तो आपला उंबरठा, येतो ९९९ (बिनबिबट्याच्या ९९९ रात्रींना बिबट्याची एक) आणि रेशो आहे नऊ. पण दोन्ही चुकांची किंमत सारखी आहे का? उगाच घरी बसलो तर कचरा एक रात्र घरात, त्याची किंमत १ धर. बिबट्यासमोर जाऊन उभं राहिलो तर १००० धर, मी तरी जास्तच धरेन. शक्यता आणि किंमत दोन्ही धरून ठरवायच्या नियमाला बेजचा नियम म्हणतात, त्यात उंबरठा या किमतींनी सरकतो, ९९९ ला १००० ने भागायचं, आला साधारण १. नऊ एकापेक्षा मोठा, दार लाव, कचरा सकाळी. कुत्रं तेच, भुंकणं तेच, शक्यता तीच, नुसती किंमत मधे आली आणि निर्णय उलटा झाला.

तुझी गणितं अडतात ती इथेच, असा माझा अंदाज आहे. पेपरात पहिली ओळ वाचून लगेच एक्स्पोनेन्शियल लिहायला घेऊ नकोस. आधी कच्च्या पानावर मराठीत लिही, हो मराठीतच, की गोष्ट एक काय आणि गोष्ट दोन काय, पहिली खरी असेल तर हातात येणारा आकडा कसा दिसेल आणि दुसरी खरी असेल तर कसा. मग रेशो घे, मग लॉग घे, लॉग घेतल्यावर गॉसियनचा (घंटेच्या आकाराच्या त्या वितरणाचा) निम्मा पसारा आपोआप गळून पडतो आणि तुमच्या सिलॅबसमधल्या बऱ्याच गणितांत शेवटी उरतं काय, तर सॅम्पल्सची बेरीज अमुक आकड्यापेक्षा मोठी आहे का, एवढंच.

हे एकदा हाताने करून बघच. नॉइजचा, म्हणजे गोंगाटाचा, सिग्मा (त्याचा नेहमीचा चढउतार) १, सिग्नल असेल तर लेव्हल १ आणि नसेल तर ०. फॉल्स अलार्म १० टक्के चालेल म्हटलं तर उंबरठा १.२८ ला बसतो, आणि एकच सॅम्पल घेतलं तर सिग्नल सापडण्याची शक्यता फक्त ३९ टक्के. आता नऊ सॅम्पल घेऊन सरासरी काढ, सरासरीतला नॉइज एक तृतीयांश होतो, उंबरठा ०.४३ वर येतो आणि तेवढ्याच फॉल्स अलार्मला शक्यता जाते ९६ टक्क्यांवर. नंतर फॉल्स अलार्म हजारात एक असा कडक कर आणि परत काढ, नऊ सॅम्पलला ४६ टक्के यायला पाहिजे. टेबल बघायला काही हरकत नाही, क्यू-फंक्शन (गॉसियन नॉइज उंबरठ्याच्या वर जायची शक्यता) कुणाला तोंडपाठ नसतं. आलं तर मला कळव. आणि त्या सीनियरला फोन करणं सोड आता.

प्रश्न : ताई, बेज क्रायटेरियन आणि नेमन-पिअर्सन दोन्ही परीक्षेला येतात. सर म्हणतात बेज जास्त जनरल, पण पुस्तकात नेमन-पिअर्सनला जास्त पानं. प्रत्यक्षात वापरतात कुठलं? — एक विद्यार्थिनी, नाशिकरोड

उत्तर : दोन्ही वापरतात, पण जिथे बेजला लागणारा शिधा मिळत नाही तिथे नेमन-पिअर्सन. बेजला आधी दोन गोष्टी द्याव्या लागतात, शक्यता आणि किंमत. बिबट्याच्या गोष्टीत मी दोन्ही मनाने दिल्या, कारण सदर माझं आहे. पण रडारवर बसलेल्या माणसाने काय करायचं, आज रात्री शत्रूचं विमान येण्याची शक्यता किती हे त्याला कोण सांगणार, आणि ते सुटलं तर किंमत किती, रुपयांत मांडणार का? जर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी १९३३ साली जे मांडलं त्यात या दोन्हींची गरजच नाही. फॉल्स अलार्म किती चालेल तेवढं सांगा, त्या मर्यादेत सापडण्याची शक्यता जास्तीत जास्त करून देतो, आणि गंमत म्हणजे त्याचं उत्तरही लाइकलीहूड रेशोच निघतं, फक्त उंबरठा वेगळ्या वाटेने येतो. बेजबुवांचा निबंध १७६३ चा, तोही ते गेल्यानंतर छापलेला, म्हणजे दोघांत १७० वर्षांचं अंतर आणि रेशो तोच.

पण 'किती चालेल' हा आकडा नुसता बरा दिसतो म्हणून टाकू नये, हे मी स्वतः तोंडावर आपटून शिकलेय. बरीच वर्षं झाली, मी नवीन होते, सातपूरला एका कारखान्यात (नाव सांगत नाही, चूक माझीच होती) गॅसगळती ओळखणाऱ्या सेन्सरचा उंबरठा मी बसवला. फॉल्स अलार्म दहा हजारात एक. कागदावर कसलं भारी दिसतं ना, दहा हजारात एक! मी खूश, साहेब खूश. पण सर्किट सेकंदाला दहा वेळा निर्णय घेत होतं, ते मी धरलंच नव्हतं. आठ तासांच्या शिफ्टला २,८८,००० निर्णय, म्हणजे २८-२९ वेळा बझर बोंबलणार, दर सोळा-सतरा मिनिटांनी एकदा. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर बझर एकदम गप्प, मला वाटलं सुधारला, जवळ जाऊन बघते तर रात्रपाळीच्या काकांनी बझरच्या भोकात कापसाचा बोळा कोंबलेला आणि वरून काळी टेप. म्हणजे मी इतकं संवेदनशील यंत्र बसवलं की खरी गळती झाली असती तरी कुणाला ऐकू आली नसती. काकांवर चिडायची सोय नव्हती, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

मग त्यांनाच विचारलं, खोटा बझर किती वेळा चालेल? ते म्हणाले महिन्यातून एकदा वाजला तर उठून बघेन, रोज नाही. महिन्याचे निर्णय होतात दोन कोटी ५९ लाख, म्हणजे एका निर्णयाला फॉल्स अलार्म साधारण अडीच कोटीत एक. उंबरठा ३.७ सिग्मावरून ५.४ सिग्मावर गेला, आणि तेवढा वर नेल्यावर बारीक गळती हातची जाऊ नये म्हणून एकेका सॅम्पलवर ठरवणं बंद करून सरासरीवर आले. चार मार्कांच्या उत्तरात हे सगळं लिहायला जागा नाही हे मला माहितीये. तिथे आरओसी (रिसीव्हर ऑपरेटिंग कॅरेक्टरिस्टिक) कर्व्ह काढ, उभ्या अक्षावर डिटेक्शन, आडव्यावर फॉल्स अलार्म, आणि एक ओळ टाक की लाइकलीहूड रेशो टेस्टच्या कर्व्हवर कुठल्याही बिंदूपाशी जो चढ असतो तोच त्या बिंदूचा उंबरठा, ही ओळ फार कमी मुलं लिहितात. आरओसीमधला आर म्हणजे रिसीव्हर, दुसऱ्या महायुद्धातल्या रडारचा रिसीव्हर, आज तोच कर्व्ह पॅथॉलॉजीच्या टेस्ट तपासायलाही वापरतात.

प्रश्न : क्रॅमर-राव बाउंडचं प्रूफ मला येतं, कोशी-श्वार्ट्झ लावून पाच स्टेपमध्ये, पण तो म्हणजे नक्की काय सांगतो ते ओरलला विचारलं आणि मी गप्प. आणि यातले राव आपले का? — पंचवटी

उत्तर : आपलेच की. सी. आर. राव, जन्म १९२०, कर्नाटकातल्या हडगळीचा. आणि या बाउंडच्या जन्मात एक मराठी माणूस आहे, ते तर कुणी सांगतच नाही. राव कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते, स्वतः जेमतेम चोविशीतले. वर्गात संख्याशास्त्रज्ञ फिशरचा एक निकाल सांगितला, तो भरपूर मोठ्या सॅम्पलसाठीचा. एका विद्यार्थ्याने विचारलं, सॅम्पल लहान असेल तर असं काही सिद्ध करता येईल का? राव घरी गेले, रात्रभर बसले आणि दुसऱ्या दिवशी सिद्धता घेऊन वर्गात आले. तो विद्यार्थी म्हणजे वि. म. दांडेकर, तेच ते, पुढे पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्रज्ञ, गरिबीवरच्या अभ्यासाने गाजलेले. रावांचा पेपर १९४५ ला कलकत्त्याच्या मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये आला, स्वीडनच्या हाराल्ड क्रॅमरनी तेच स्वतंत्रपणे १९४६ मध्ये दिलं, म्हणून जोडनाव. राव २०२३ मध्ये गेले, १०२ वर्षांचे होऊन, त्याच वर्षी त्यांना इंटरनॅशनल प्राइझ इन स्टॅटिस्टिक्स मिळालं होतं. वर्गात प्रश्न विचारायला लाजणाऱ्या माझ्या मुलांना मी दरवर्षी ही गोष्ट सांगते, ती ऐकतात छान आणि परत गप्प बसतात.

आता तो सांगतो काय. तू ट्रेकला जातोस का? धुक्यात तुला डोंगराचा सगळ्यात उंच बिंदू शोधायचाय असं समज. धोडपच्या सुळक्यासारखं टोक असेल तर एक पाऊल इकडेतिकडे पडलं तरी उतार लगेच कळतो, टोक कुठे ते तू हातभर अंतरात सांगशील. तेच अंजनेरीच्या पठारावर उभा राहा, शंभर पावलं चाललास तरी उंची तीच वाटते, टोक इथे की तिथे, कुणी सांगावं. लाइकलीहूड फंक्शन, म्हणजे कुठला अंदाज धरला तर हातातले आकडे किती शक्य वाटतात ते, हा तसा डोंगर. तो टोकाशी किती तीव्रपणे वळतो ते म्हणजे फिशर इन्फर्मेशन, आणि बाउंड म्हणतो की तुझ्या अंदाजाचा व्हेरिअन्स (सिग्माचा वर्ग) त्या इन्फर्मेशनच्या उलट्यापेक्षा कमी होऊच शकत नाही. पठारावर उभं राहून सुळक्याची अचूकता मागू नकोस, कितीही हुशार अल्गोरिदम आण. साधा आकडा घे, थर्मामीटरच्या एका रीडिंगचा सिग्मा अर्धा डिग्री असेल आणि तुला ०.१ डिग्रीपर्यंत पोचायचं असेल तर २५ रीडिंग लागणार, नॉइज गॉसियन असेल तर २४ मध्ये करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठव.

एक अट मात्र ओरलला सांगायलाच हवी, अनबायस्ड, म्हणजे अंदाज सरासरीने खऱ्या आकड्यावरच यायला हवा, एका बाजूला झुकलेला नको. पंचवटीतला आहेस म्हणजे गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी किती ते सांगायची पद्धत तुला माहिती असणार, पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. समजा एक काका असे आहेत की काहीही झालं तरी सांगतात 'कमरेला'. उन्हाळ्यात कोरडं असलं तरी कमरेला, महापूर आला तरी कमरेला. काकांच्या अंदाजाचा व्हेरिअन्स शून्य! बाउंड मोडला का मग? नाही, काका बायस्ड आहेत, अनबायस्डची ती मर्यादा त्यांना लागूच नाही. आणि उलट बाजूने, दहा जणांनी एकाच तिरक्या कोपऱ्यातून बघून सरासरी काढली तर सरासरी कितीही स्थिर आली तरी तिरकेपणा तसाच राहतो. सरासरीने नॉइज जातो, बायस जात नाही. ओरलला हे काका सांग, एक्स्टर्नल नाशिकचा असेल तर काम झालंच.

प्रश्न : मॅडम, आमची द्राक्षबाग आहे, निफाड तालुक्यात. मुलगी इंजिनिअरिंगला, ती हा विषय घेऊन पुढे एम.टेक. करते म्हणते. मला विचारलं की काय असतं यात, तर म्हणते बाबा तुम्ही फवारणी करता ना तेच असतं. चेष्टा करते का काय माझी? आणि यात नोकरी लागते का, का सगळं परदेशीच आहे? — एक शेतकरी

उत्तर : भाऊ, मुलगी चेष्टा करत नाहीये, तिला विषय कळलाय. छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आहे, ढग आलेत, मोबाइलवर पावसाचं चिन्ह आहे, डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) येईल की नाही माहीत नाही. फवारणी केली आणि पाऊस आलाच नाही तर औषध, डिझेल, मजुरी गेली, वर रेसिड्यूची, द्राक्षात औषधाचा अंश राहण्याची, धाकधूक. नाही केली आणि पान ओलं राहून डावणी घुसली तर हंगाम गेला. तुम्ही दोन्ही नुकसानं मनात तोलता आणि थोड्याशा ढगालाही ट्रॅक्टर काढता, कारण दुसरं नुकसान पहिल्याच्या कितीतरी पट. उंबरठा खाली आणणं म्हणतात ते हेच, तुम्ही ते न शिकता करता, तिला ते सर्किटमध्ये करायचंय.

नोकरीचं सरळ सांगते. नुसत्या या विषयाच्या नावाने जाहिरात निघत नाही. पण रडार, मोबाइलचे मोडेम, गाड्यांमधले ७६ ते ८१ गिगाहर्ट्झचे छोटे रडार, सोनार, मेडिकल इमेजिंग, या सगळ्यांच्या पोटात हेच आहे. बेंगळुरूला डीआरडीओची रडारवर काम करणारी प्रयोगशाळा आहे, पुण्यातही गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम चालतं. घराजवळ राहून याच कामाची नोकरी हवी असेल तर ओझर-सातपूर-अंबडला ती सहज मिळेल असं धरून चालू नका, बाहेर जावं लागेल. गेटच्या (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेच्या) ई अँड सीच्या सिलॅबसमध्ये याच विषयातले मॅच्ड फिल्टर, मॅप आणि एमएल डिटेक्शन हे भाग आहेत, तेव्हा एम.टेक.साठी तयारी वाया जाणार नाही. आणि परदेशी म्हणाल तर रावांचं वर सांगितलंच, शिवाय थॉमस कैलाथ, पुण्यात जन्मलेले, पुण्याच्याच इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५६ ला बाहेर पडले, पुढे स्टॅनफर्डला या विषयातलं मोठं नाव झाले, आपल्याकडे पद्मभूषणही मिळालं त्यांना. मुलीला जाऊ द्या. गणिताची भीती नाही एवढं मात्र तिला विचारून घ्या, माझ्यासमोर मुलं हो म्हणतात आणि दुसऱ्या महिन्यात रडतात.

प्रश्न : आता सगळं एआय करतं. न्यूरल नेटवर्कला डेटा दिला की ते ओळखतं सिग्नल आहे का नाही. मग हे १९३३ चं कशाला शिकायचं? — इंदिरानगर

उत्तर : तुझं नेटवर्क शेवटी ०.७३ वगैरे आकडा देतं ना, मग ०.५ च्या वर गेलं की 'आहे' म्हणायचं हे कुणी ठरवलं? सवयीने ठरवलंस. बिबट्यासाठी ०.५ ठेवशील का? आणि ट्रेनिंगला चूक मोजायला क्रॉस-एन्ट्रॉपी वापरतोस तेव्हा मॅक्सिमम लाइकलीहूडच (हातातला डेटा सगळ्यात शक्य ठरेल तो अंदाज) करत असतोस, आणि स्क्वेअर्ड एरर वापरतोस तेव्हा नेटवर्क ज्याच्याकडे सरकतं ते म्हणजे एमएमएसई एस्टिमेट, चुकीच्या वर्गाची सरासरी कमीत कमी ठेवणारा अंदाज, कंडिशनल मीन. नावं बदललीत फक्त. नॉइजचं मॉडेल माहीत नसेल, डेटा ढिगाने असेल, तर नेटवर्क खुशाल वापर, मीही वापरते. मॉडेल माहीत असेल तर दहा ओळींचा डिटेक्टर काम करतो आणि का चुकला ते सांगताही येतं.

प्रश्न : ताई, मॅच्ड फिल्टरचं डेरिव्हेशन झालं पण डोळ्यासमोर काही येत नाही. सबमिशनला पाच दिवस आहेत. — सिडको

उत्तर : पाच दिवस खूप झाले, एक पान आणि पेन्सिल घे. हे सात आकडे एका ओळीत लिही: +१, +१, +१, −१, −१, +१, −१. याला सात लांबीचा बार्कर कोड म्हणतात. आता कागदाच्या एका पट्टीवर तेच सात परत लिही आणि पट्टी पहिल्या ओळीखाली धर. बरोब्बर एकाखाली एक आले की वरखालच्या जोड्यांचा गुणाकार कर आणि बेरीज घे, सात येईल. आता पट्टी एक घर सरकव, जेवढ्या जोड्या जुळतात तेवढ्यांचाच गुणाकार आणि बेरीज. शून्य. अजून एक घर, −१. पुढे शून्य, −१, शून्य, −१. म्हणजे खरी जागा सापडली की सात आणि एक घर जरी चुकलं तरी जवळजवळ काहीच नाही. मॅच्ड फिल्टर हेच करतो, जो आकार शोधायचाय त्याचीच पट्टी करून आलेल्या सिग्नलवर सरकवत जातो, इम्पल्स रिस्पॉन्स (फिल्टरमधली पट्टी) उलटा लिहिलेला असतो तो कन्व्होल्यूशनमध्ये, जिथे सरकवण्याआधी पट्टी उलटते, ती परत सुलटी व्हावी म्हणून, बाकी त्यात काही गूढ नाही. नॉर्थने हे १९४३ ला रडारसाठी लिहिलं.

व्हाइट नॉइजमध्ये (सगळ्या फ्रिक्वेन्सींवर सारखा पसरलेला गोंगाट) आउटपुटचा एसएनआर, म्हणजे सिग्नल नॉइजच्या किती पट ते, सिग्नलच्या एनर्जीवर ठरतो, आकारावर नाही, हे डेरिव्हेशनच्या शेवटी येतं आणि मुलं ते वाचून पान उलटतात. थांबून बघ जरा तिथे. म्हणजे सिग्नल नॉइजच्या कितीही खाली बुडालेला असो, त्याचा आकार माहीत असेल आणि तो पुरेसा लांब असेल तर बाहेर काढता येतो. पुण्यात आयुका या खगोलसंस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्याबरोबर सत्यप्रकाश यांनी १९९१ ला हाच विचार गुरुत्वीय लहरींना लावला, एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांची लहर कशी दिसेल याच्या भरपूर पट्ट्या आधीच बनवून ठेवायच्या आणि डेटावर सरकवत बसायचं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोला (या लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला) पहिली लहर मिळाली, ती तपासायलाही अशा पट्ट्या वापरल्या होत्या. आता आपल्याकडे हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया होतंय, तिथेही सरकवायला हीच पट्टी.

तुझं सबमिशन मात्र सात आकड्यांचंच ठेव. त्यात मुद्दाम थोडा नॉइज मिसळ, फासा टाकून मिसळलास तरी चालेल, १ आला तर त्या घरातून १ वजा, ६ आला तर १ मिळव, बाकी काही करू नकोस, आणि परत पट्टी सरकव. शिखर सातावरून पाच किंवा आठवर जाईल पण बहुतेक वेळा जागा तीच राहील, चार-पाच वेळा करून टेबल लाव. आणि नॉइज न मिसळता शेवटच्या घराला −१ आलं नाही तर सातवं चिन्ह तपास, माझ्या वर्गात निम्मी मुलं तिथे अधिक लिहितात.